डाव्या खिडकीतला बायसन

"आई, तू मागे बस," अंतरा म्हणाली. "आणि गेटमधून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मीनाक्षी म्हणाली.

"शी वोन्ट लास्ट फाइव्ह मिनिट्स," इशिता फोनमधून मान वर न काढता म्हणाली.

"पाच? दोनसुद्धा नाही," मनोहर ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरसे नीट करत होता. "लग्न झाल्यापासून ह्या बाईनं मला एक सिग्नल स्वतःच्या डोळ्यांनी बघू दिलेला नाही."

सगळे हसले. मीनाक्षीही हसली आणि मुकाट्यानं मनोहरच्या मागच्या सीटवर बसली. नात इशिता तिच्या शेजारी, अंतरा पुढे बाबांच्या उजव्या हाताला. अर्विंगहून इथपर्यंत, टेक्सासची हद्द ओलांडून ओक्लाहोमात, अंतरानंच गाडी आणली होती. गाडी मात्र मनोहरची. बायसनच्या अभयारण्यातला रस्ता एकेरी, वेगाची मर्यादा सायकलवाल्यालाही लाज वाटेल अशी. बाबांची परीक्षा घ्यायला ह्याहून सोपी जागा मिळणार नव्हती.

कारण ही परीक्षाच होती. मार्चमध्ये शुगर लँडच्या घरी गाडी आत घेताना मनोहरनं डावा आरसा गॅरेजच्या चौकटीला घासला. एप्रिलमध्ये पुन्हा. अंतरानं त्यावर एवढं रान उठवलं, की शेवटी मनोहर चिडून म्हणाला, शेजारी बसून बघ मी कसा चालवतो ते, आणि मग काय ते ठरव. अंतरानं ठरवलं. बाबांनी व्यवस्थित चालवली तर वर्षभर ती हा विषय काढणार नाही. नाही चालवली तर किल्ली द्यायची, शुगर लँडचं घर विकायचं आणि दोघांनी अर्विंगला तिच्याजवळ राहायला यायचं. शुगर लँडमध्ये गाडीशिवाय दूधही आणता येत नाही, आणि मीनाक्षीनं स्वतः हायवेवर गाडी चालवणं केव्हाच सोडलं होतं.

मीनाक्षीला ते घर सोडायचं नव्हतं. मागच्या अंगणातला कढीपत्ता आता तिच्या डोक्याच्या वर गेला होता. गल्लीच्या टोकाला मैत्रीण प्रीता राहायची, मंगळवारी सगळ्या मैत्रिणींचं वाचन असायचं, आणि वाटेल तेव्हा कुणाच्याही स्वयंपाकघरात जाऊन बसता यायचं. अर्विंगला लेकीच्या घरी वरच्या मजल्यावरची एक खोली होती. छान होती. पण खोलीच होती. म्हणून आज मनोहर पास व्हावा असं तिला मनापासून वाटत होतं, आणि तोंड बंद ठेवणं एवढाच त्यात तिचा वाटा होता.

अटही तिला पटली होती. "तू शेजारी असलीस की गाडी नक्की कोण चालवतंय तेच कळत नाही," असं अंतरा म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं. 'अहो, लाल झालाय.' 'डावीकडून ट्रक येतोय.' 'सावकाश, पोरं आहेत.' मीनाक्षीचं हे चालू समालोचन मित्रमंडळींत प्रसिद्ध होतं. त्यांच्यातला रवींद्र तर पार्टीत तिची नक्कल करून दाखवायचा.

गेटवरच्या पाटीवर लिहिलं होतं: गाडीतून उतरू नका, प्राण्यांना वाट द्या. मनोहरनं ते मोठ्यानं वाचलं आणि गाडी हलवली.

मेचा शेवट होता. दोन्ही बाजूंना हिरवं गवत गुडघाभर वाढलेलं, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं. उजवीकडे खडकाळ टेकड्या होत्या, डावीकडे आकाशापर्यंत गेलेलं मोकळं मैदान.

"आता बघ हं इशू," मनोहर म्हणाला. "बायसन वगैरे इथं काही नसतं. टूरिझमवाले रात्री येऊन काळे दगड मांडून जातात. लांबून लोकांना वाटतं, वा, काय कळप आहे."

"आजोबा, स्टॉप," इशिता म्हणाली. सकाळपासून तो हेच चालवत होता.

"खरा गवा बघायचा तर दाजीपूरला. आमच्या कॉलेजची ट्रिप गेली होती. असा समोर आला आणि आमच्या सरांकडे बघून मान हलवली. सरांना वाटलं, हजेरी घेतोय."

त्याचं चालवणं उत्तम होतं. स्टिअरिंगवर दोन्ही हात, वेग काट्याला काटा. उजवीकडे प्रेअरी डॉगची वस्ती लागली, मातीच्या ढिगांवर खारीएवढे जाडजूड प्राणी हात जोडून उभे. मनोहरनं ते सगळ्यांच्या आधी बघितले. कुंपणाच्या खांबावरचा ससाणाही त्यालाच आधी दिसला. अंतराचे खांदे सैल झाले. तिनं मागे वळून आईकडे बघून भुवया उंचावल्या. मीनाक्षीनं ओठांवर बोट ठेवलं.

डावीकडे, मैदानात बऱ्याच आत, तिला तपकिरी ठिपके दिसले. ठिपके हलत होते. तिच्या जिभेवर शब्द आले, आणि तिनं ते गिळले.

"बायसन!" इशिता ओरडली आणि तिच्या मांडीवरून पलीकडे झेपावली. "ओ माय गॉड, सो मेनी!"

"कुठं?" मनोहरनं वेग कमी केला. त्याची मान उजवीकडे वळली, टेकड्यांकडे. "मला तर दगडच दिसतायत."

"आजोबा!" इशिता खिदळली. अंतराही हसली.

पुढच्या वळणानंतर समोरची पांढरी गाडी थांबली होती, म्हणून मनोहरही थांबला. कळपातले काही बायसन मैदान सोडून रस्त्याकडे आले होते. रस्त्याच्या डाव्या कडेनं ते एकामागून एक चालत होते, घाई नसलेल्या माणसांसारखे. त्यांतला एक नर गाडीशी आला आणि थांबला.

मीनाक्षीनं आयुष्यात एवढा मोठा प्राणी इतक्या जवळून बघितला नव्हता. तिची खिडकी पूर्ण भरून गेली. डोकं मनोहरच्या काचेशी होतं, जटा झालेल्या केसांचं, ओलं, जड. त्याच्या श्वासानं मनोहरच्या काचेवर वाफ धरली, विरली, पुन्हा धरली. हात बाहेर काढला असता तर मनोहरच्या बोटांना त्याचं शिंग लागलं असतं.

इशितानं श्वास रोखून फोन धरला होता.

"गेली पुढची गाडी," मनोहर म्हणाला. "चला. बायसन काही आज आपल्या नशिबात नाही."

इशिता तोंडावर हात दाबून हसायला लागली. "ही इज सो फनी," ती कुजबुजली. अंतरानं कपाळावर हात मारला.

मीनाक्षी हसली नाही. विनोद केल्यावर मनोहर नेहमी समोरच्या आरशातून मागे बघायचा. हसू पोचलं की नाही, ते तपासायचा. ती त्याची अगदी जुनी खोड होती. तिनं आरशात बघितलं. मनोहरचे डोळे तिथे नव्हते. ते रस्त्याकडे होते, शांत, आणि थोडे हिरमुसलेले. इतक्या लांब येऊन बायसन न दिसलेल्या माणसाचे डोळे.



गाडी हलली. समोर डाव्या कडेला, हेडलाइटच्या पुढे, नारिंगी रंगाचं एक पिल्लू उभं होतं. पाय फाकवून, आई कुठे गेली ते बघत. मनोहर सरळ त्याच्या दिशेनं निघाला होता. वेग सावकाश, हात स्थिर.

"थांबा!" मीनाक्षी किंचाळली.

ब्रेक लागला. पिल्लू बंपरला चाटून उडी मारून बाजूला झालं. पुढच्याच क्षणी त्याची आई मैदानातून धावत आली. मीनाक्षीला फक्त एक काळी कमान खाली झुकताना दिसली. मग धडक. गाडी एका अंगावर उचलल्यासारखी झाली आणि आदळली. मनोहरच्या बाजूचा पत्रा आत आला, आरसा तुटून वायरीवर लोंबकळला. अंतरा ओरडत होती. इशिता आजीच्या कुशीत घुसली.

"कोणी ठोकलं?" मनोहर विचारत होता. "कुठली गाडी? अंतरा, तुला लागलं का?" तो अंतराकडे बघत होता, मागच्या काचेतून बघत होता, पुन्हा अंतराकडे.

"अहो, डावीकडे," मीनाक्षी म्हणाली. "मान वळवा. पूर्ण वळवा."

त्यानं मान वळवली. खिडकीबाहेर ती मादी उभी होती, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्याचा पांढरा भाग दिसत असलेला. मनोहर सीटवर मागे फेकला गेल्यासारखा दचकला.

"हा... हा कुठून आला?" त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "आत्ता तर इथं काहीच नव्हतं!"

ह्या वेळी इशिताही हसली नाही.

मादी पिल्लाला घेऊन निघून गेली. नर अजून तिथंच होता आणि कळप चालतच होता. उतरून जागा बदलणं शक्य नव्हतं. गाडी चालू होत होती.

"हळूहळू पुढे घ्या," मीनाक्षी म्हणाली. "डावीकडे बघा, एक आहे. थांबा. गेला. आता चला. पुन्हा डावीकडे."



मनोहर ऐकत होता. 'डावीकडे' म्हटलं की त्याची मान डावीकडे वळायची. न म्हटलं तर वळायचीच नाही. मागच्या सीटवरून मीनाक्षी त्याच्या पांढऱ्या केसांकडे, त्या वळणाऱ्या मानेकडे बघत होती. मार्चपासून गाडी अशीच चालली होती. लोकांनी तिची नक्कल केली, ती स्वतः हसली, आणि त्या हसण्याआड हा माणूस तिच्या आवाजावर रस्ता काढत होता. त्याला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं.

आणि ज्या दिवशी ती गाडीत नव्हती, त्या दिवशी?

कळपाच्या पलीकडे तळ्याकाठी पिकनिकची जागा होती. तिथे गाड्या होत्या, माणसं होती, लाकडी टेबलं होती. मनोहरनं गाडी लावली, पांढऱ्या पट्टीच्या बरीच पलीकडे. उतरून त्यानं चेपलेल्या दारावरून हात फिरवला आणि तेवढ्यात सावरलाही.

"इन्शुरन्सवाल्याला काय सांगायचं?" तो म्हणाला. "समोरच्या पार्टीकडे लायसन्स नव्हतं?"

अंतराचं रडू आणि हसू एकदमच फुटलं. तिनं बाबांना मिठी मारली. "बाबा, मी खरंच सांगते, आई ओरडली न ओरडली तोच तुम्ही ब्रेक काय मारलात! मी असते तर उडवलंच असतं पिल्लाला. ह्या वयात असे रिफ्लेक्सेस... ती बया अंगावर आली त्यात तुमची काय चूक?" तिनं डोळे पुसले. "झालं. तुम्ही पास. मी वर्षभर काही बोलणार नाही."

"ऐकलंस मीनाक्षी? साक्षीदार आहेस तू."

मीनाक्षी डबे काढत होती. इतकं सोपं होतं. तिनं काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. घर राहिलं होतं, अंगण राहिलं होतं, मंगळवार राहिला होता. आजपासून ती रोज त्याच्याबरोबर गाडीत बसेल, एक फेरी चुकवणार नाही, डोळ्यांत तेल घालून बसेल. हा विचार तिनं खरोखर केला.

मग तिला प्रीता आठवली. मागच्या आठवड्यात मनोहर तिला एकटाच फिजिओथेरपीला घेऊन गेला होता. परत आल्यावर प्रीता फाटकातूनच म्हणाली होती, 'भावजी, आज सगळ्या गावाला आपल्यावर हॉर्न का वाजवायचा होता हो?' त्या दोघींनी चहा पितापिता त्याची केवढी थट्टा केली होती.

मीनाक्षी कम्युनिटी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. दर सत्रात फळ्यावर तीच आकृती काढायची: दोन डोळे, मागे मेंदू, मध्ये एकमेकांना छेदून जाणाऱ्या रेषा. डोळा धड असतो, मुलांनो, तरी मेंदूच्या मागच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर डावीकडचं अर्धं जग जातं. कधी वेदना नाही, अंधार नाही. गेलंय हेच पुष्कळदा त्या माणसाला समजत नाही. मुलं वहीत उतरवून घ्यायची. तीही पुढच्या धड्याकडे वळायची.

पण हा अजून तर्क होता. खात्री नव्हती.

तिनं कागदी थाळी घेतली आणि मनोहरला घरी वाढायची तशीच वाढली. डावीकडे दाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी. मध्ये दशम्या. थाळी त्याच्यासमोर नीट मधोमध ठेवली आणि समोर बसली. तिची बोटं टेबलाखाली एकमेकांत अडकली होती.

मनोहर भुकेला होता. दशमी आणि भाजी खात त्यानं अंतराला गव्याची गोष्ट पुन्हा सांगितली. भाजी संपली. त्यानं थाळीकडे बघितलं.

"चटणी नाही आणलीस?"

"बाबा, पुरे आता," अंतरा म्हणाली. "एक जोक दिवसातून कितीदा?"

"जोक कसला? दशमीबरोबर चटणी नको?"

मीनाक्षीनं हात लांब करून थाळी धरली आणि टेबलावरच अर्धी फिरवली. डावी बाजू उजवीकडे आली.

"हां," मनोहर खुशीत म्हणाला. "आता कशी वाढलीस."

अंतराच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं थाळीकडे बघितलं, आईकडे बघितलं. तळ्याकडून लहान मुलांचा आरडाओरडा येत होता.

"आई, हे काय होतं?"

"अहो," मीनाक्षी म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज स्थिर आला. "माझ्या नाकाकडे बघा. डोळे हलवायचे नाहीत." तिनं दोन्ही हात पसरले. "कुठलं बोट हलतंय?"

"हे." त्यानं त्याच्या उजवीकडचं दाखवलं.

तिनं दुसरं हलवलं. "आता?"

"आता कुठलंच नाही."

"आता?"

"मीनाक्षी, तू हलवतच नाहीयेस." तो हसला, आणि मग तिचा चेहरा बघून थांबला. "काय आहे?"

तिनं सांगितलं. वर्गात सांगायची तसंच, कमी शब्दांत. मेंदूच्या उजव्या भागाला, मागच्या बाजूला कुठेतरी, झटका येऊन गेला असणार, बहुधा मार्चच्या आधी. डावीकडचं तुम्हाला दिसत नाहीये.

"काहीतरीच. मला कुठे काळं दिसतंय?" मनोहर म्हणाला. "पडदा नाही, डाग नाही. सगळं पूर्ण दिसतंय. हे तळं, ही झाडं, तू, अंतरा. काय कमी आहे ह्यात?"

"इशिता," मीनाक्षी म्हणाली.

"ती काय, उठून गेली ना मघाशी?"

इशिता त्याच्या डाव्या कोपराशी बसली होती. बसल्यापासून तिथंच.

मनोहर आयुष्यभर इंजिनिअर होता. पाइप फुटला असं कुणी म्हटलं तर त्यानं कधी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. तो उठला, टेबलापासून दूर मोकळ्या जागेत जाऊन तळ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"इशू, माझ्या मागे ये. मागून निघून डाव्या बाजूनं माझ्याभोवती गोल चालायचं. मी त्या पलीकडच्या झाडाकडे बघतोय, नजर हलवणार नाही. तू दिसलीस की सांगतो. बोलायचं नाही."

इशिता निघाली. तिनं कुणी न सांगता एक हात वर धरला होता, वर्गात धरतात तसा. ती त्याच्या पाठीमागून आली, डाव्या खांद्याशी आली. मनोहर झाडाकडे बघत होता. ती आणखी पुढे आली. आता ती त्याच्या हाताच्या अंतरावर, सरळ नजरेच्या टप्प्यात होती. मनोहर वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर अजून थोडीशी खात्री होती. ती चालत राहिली, रडत राहिली, आवाज न करता, हात वर. त्याच्या नाकासमोर आली.

तेव्हा तो दचकून एक पाऊल मागे सरला.

"आलीस?"

"आजोबा, मी केव्हाची इथेच आहे," इशिता मराठीत म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग ती आली होती त्या वाटेकडे, मान पूर्ण वळवून. तिथे टेबल होतं, अंतरा होती, उघडे डबे होते. मग त्यानं मान सरळ केली. पुन्हा वळवली. पुन्हा सरळ केली.

"किती लोक..." तो म्हणाला. "मीनाक्षी, मी प्रीताला घेऊन गेलो होतो गं."

"हो."

"शाळेवरून जातो तो रस्ता."

"माहीत आहे."

अंतरानं त्याचा हात धरून त्याला टेबलापाशी परत आणलं. बाकावर बसवलं. तो दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून बसला, हातातून काही सांडल्यासारखा. पिल्लाबद्दल त्यानं विचारलं: ते पळालं ना? अंतरानं हो म्हटलं. तिनं फोनवर सगळ्यात जवळचं हॉस्पिटल शोधलं आणि दोनदा चुकीचं बटण दाबलं.

"घराचं, आई..." ती मीनाक्षीला हळू आवाजात म्हणाली.

"विकायचं," मीनाक्षी म्हणाली. "आधी डॉक्टर."

मनोहरनं ते ऐकलं. खिशातून किल्ली काढून त्यानं अंतराकडे धरली, पण अंतरा जिथं उभी होती तिथून बरीच उजवीकडे. मीनाक्षीनं त्याचं मनगट धरलं आणि हात तिच्यापर्यंत नेला.